बादल्यांचा गजर

फिलाडेल्फिया हे नाव मराठी माणसाला परकं नाही. आनंदीबाई जोशी १८८६ साली तिथूनच डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्या शहराच्या पश्चिमेला इमॅक्युलाटा नावाचं मुलींचं एक छोटं कॅथलिक कॉलेज होतं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला या कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना असला, की कानठळ्या बसायच्या. संघातल्या एका मुलीच्या घरचं हार्डवेअरचं दुकान होतं. तिच्या वडिलांनी दुकानातल्या पत्र्याच्या बादल्या आणि लाकडी दांडकी आणून प्रेक्षकांच्या हाती दिली. कॉलेजात शिकवणाऱ्या नन पायघोळ झग्यात उभ्या राहून त्या बादल्या बडवायच्या आणि आपल्या पोरींच्या नावाने गजर करायच्या.

खेळणाऱ्यांवर पुष्कळ लिहिलं जातं. आज मनात आहेत त्या बादल्या बडवणाऱ्या.

मार्च १९७२मध्ये अमेरिकेतल्या महिला क्रीडासंघटनेने, एआयएडब्ल्यूने, कॉलेजच्या मुलींसाठी बास्केटबॉलची आपली पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवली. ठिकाण होतं इलिनॉय राज्यातलं नॉर्मल हे गाव. सोळा संघ आले. त्यांत इमॅक्युलाटाचं मानांकन पंधरावं. कॉलेजचं स्वतःचं जिम काही वर्षांपूर्वी आगीत गेलेलं. प्रशिक्षक कॅथी रश यांचा पगार वर्षाला साडेचारशे डॉलर. स्पर्धेला जायचं तर प्रवासखर्च कुठून आणायचा? मुलींनी टूथब्रश विकले. एवढं करूनही आठच जणींची सोय झाली, आणि त्याही विमानात ऐनवेळी जागा रिकामी राहिली तर मिळणाऱ्या तिकिटांवर गेल्या. अंतिम फेरीत समोर कोण, तर घराशेजारचंच वेस्ट चेस्टर कॉलेज. याच संघाने थोड्याच दिवसांपूर्वी इमॅक्युलाटाला ३२ गुणांनी धूळ चारली होती. या वेळी इमॅक्युलाटा ५२–४८ अशी जिंकली. पुढची दोन वर्षंही अजिंक्यपद तिच्याकडेच राहिलं.

शिक्षणसंस्थांमध्ये मुलींशी भेदभाव करायला मनाई करणारा ‘टायटल नाइन’ हा कायदा तेव्हा व्हायचा होता. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची त्यावर सही झाली ती त्या वर्षीच्या जूनमध्ये. मुलींच्या खेळाचं अमेरिकेत जे काही भलं झालं, त्याचं श्रेय या कायद्याला दिलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण कायदा यायच्या आधी कोणीतरी खेळत होतं आणि कोणीतरी बघायला येत होतं, हेही तितकंच खरं. मला या दुसऱ्या ‘कोणीतरी’ची फार ओढ वाटते.

कारण मुलींच्या खेळासाठी पैसे मागितले की एक प्रश्न ठरलेला असतो: बघायला येतं कोण? प्रश्न साध्या हिशेबाचा वाटतो, पण तो आधीच निकाल लावून विचारलेला असतो. प्रेक्षक नाहीत म्हणून चांगलं मैदान द्यायचं नाही, चांगली वेळ द्यायची नाही, सामना टीव्हीवर दाखवायचा नाही. आणि मग पुन्हा म्हणायचं, बघा, प्रेक्षक नाहीत. दूध कितीही चांगलं असलं तरी विरजण लावल्याशिवाय दही लागत नाही. कुठल्याही खेळाचे पहिले थोडे प्रेक्षक हे असं विरजण असतात. ते संख्येने नगण्य असतात, आणि पुढचं सगळं त्यांच्यावर अवलंबून असतं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे आयोवा. मक्याच्या शेतांचं राज्य. तिथे शाळकरी मुलींची बास्केटबॉलची राज्य स्पर्धा १९२०पासून होत होती. १९२५मध्ये शालेय क्रीडासंघटनेने ठरवलं की मुलींना हा खेळ बरा नव्हे, तो बंद करावा. लहान गावांतल्या शाळाप्रमुखांनी ते ऐकलं नाही. त्यांनी मुलींसाठी वेगळी संघटना काढली आणि खेळ चालू ठेवला. नियम जुनेच होते. एका बाजूला सहा मुली, तिघी चढाईच्या, तिघी बचावाच्या. मधली रेघ कोणी ओलांडायची नाही. चेंडू दोनदा आपटला की पुढे द्यायचा, नाहीतर बास्केटकडे टाकायचा. मुलींच्या अंगात पूर्ण मैदान पळण्याचं बळ नसतं, या समजुतीतून आलेले हे नियम. आयोवात ते १९९३पर्यंत चालले. मला ते नियम आवडत नाहीत. मुलींना अर्ध्या मैदानात कोंडणं हा अन्यायच होता. पण त्या कोंडलेल्या खेळालाही गावंच्या गावं लोटायची. डिमॉइनमधलं सभागृह राज्य स्पर्धेच्या वेळी तुडुंब भरायचं. आजीने खेळलेला खेळ आई खेळायची, तो मुलगी खेळायची, आणि बघायला सगळं घर असायचं.

त्याच डिमॉइनमध्ये २००२ साली केटलिन क्लार्क जन्मली. ती आयोवा विद्यापीठाकडून खेळत असताना ऑक्टोबर २०२३मध्ये फुटबॉलच्या उघड्या मैदानावर बास्केटबॉलचा एक प्रदर्शनीय सामना ठेवला गेला. तो बघायला ५५,६४६ लोक आले. एप्रिल २०२४मध्ये क्लीव्हलंडला महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना झाला. प्रशिक्षक डॉन स्टेली यांच्या साउथ कॅरोलायनाने आयोवाला ८७–७५ असं हरवलं आणि एकही सामना न गमावता मोसम संपवला. टीव्हीवर तो सामना सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांच्या अंतिम सामन्याला त्या वर्षी १ कोटी ४८ लाख प्रेक्षक होते. महिलांचा आकडा पुढे गेला तो इतिहासात पहिल्यांदाच. सगळे म्हणाले, ही क्लार्कची जादू. ती असामान्य आहेच. पण तिच्या आधी शंभर वर्षं आयोवातल्या थंडीत गाडी काढून मुलींचे सामने बघायला जाणारी माणसं होती, हे विसरलं की गोष्ट अर्धीच कळते.

ज्यांच्या हाती तिजोरी होती त्यांना ही गोष्ट कधी पुरती कळलीच नाही. महिलांची स्पर्धा १९८२पासून एनसीएए ही मोठी संघटना घेऊ लागली. २०२१मध्ये, कोविडच्या काळात, सगळे संघ एकेका शहरात ठेवले होते: पुरुष इंडियानापोलिसला, महिला सॅन अँटोनियोला. ओरेगनची खेळाडू सेडोना प्रिन्स हिने मोबाइलवर एक छोटा व्हिडिओ काढला. पुरुषांना अख्खी व्यायामशाळा, आणि मुलींना डंबेलची एक घडवंची. जागा कमी पडली, असं कारण दिलं गेलं होतं. तिने कॅमेरा फिरवला आणि मोकळं पडलेलं दालन दाखवलं. त्यानंतर चौकशी झाली. महिलांच्या स्पर्धेचे प्रक्षेपणहक्क वेगळे विकलेच जात नव्हते. इतर अनेक खेळांच्या गठ्ठ्यात बांधून दिले जात होते. त्यांची खरी किंमत वर्षाला आठ ते अकरा कोटी डॉलरच्या घरात जाईल, असा अंदाज चौकशीच्या अहवालात होता. ‘मार्च मॅडनेस’ हे स्पर्धेचं लाडकं नावसुद्धा तोवर पुरुषांपुरतं राखून ठेवलेलं होतं. मुलींना ते २०२२मध्ये मिळालं.

पुरुषांच्या स्पर्धेत संघ जितका पुढे जाईल तितका पैसा त्याच्या गटातल्या कॉलेजांना मिळतो. ही पद्धत १९९१पासूनची. महिलांच्या स्पर्धेला ती लागू झाली २०२५मध्ये. मधल्या काळाचं काय? टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी १९७४मध्ये बाविसाव्या वर्षी प्रशिक्षक म्हणून काम सुरू केलं तेव्हा महिना अडीचशे डॉलर मिळत. संघाची गाडी त्याच चालवायच्या, खेळाडूंचे कपडेही त्याच धुवायच्या. त्यांनी आठ अजिंक्यपदं मिळवली. त्यांतली सहा १९९१ आणि नंतरची. एकाही विजयाबद्दल असा पैसा टेनेसीला मिळाला नाही. समिट २०१६मध्ये गेल्या.

आणि बघायला येतं कोण, या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या विद्यापीठाच्या गावाने केव्हाच दिलं होतं. डिसेंबर १९८७मध्ये नॉक्सव्हिलला टेनेसी आणि टेक्सस यांच्यातला मुलींचा सामना होता. स्टेडियममध्ये २४,५६३ माणसं बसली होती.