बापाचा वारसा

वडिलांनी मागे काय ठेवलं, असं विचारलं की आपण सातबारा काढतो. डहाणू तालुक्यातल्या वरोरसारख्या मच्छीमार गावात वारसा म्हणजे समुद्राकाठचं घर, होडी आणि न छापलेलं पंचांग. पुनवेला-अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे मंद भरती-ओहोटी, भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. हे पोराला शाळेत कळण्याआधी बापाबरोबर होडीत कळतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मासळीच्या विणीचा हा काळ. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि बाप फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसतो. शेजारी पोरगा. पोराची गाठ सैल बसली तर बाप रागावत नाही. गाठ सोडतो आणि दोरा पुन्हा त्याच्याच हातात देतो. पुढे नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहायचा, तोही दोघांनी मिळून.

शेजारच्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. त्यामुळे उद्या हा किनारा कसा असेल, ही चिंता घरोघरी आहे. होडी विकता येते, घर वाटून घेता येतं. पण कधी निघायचं आणि कधी थांबायचं, ही जाण शेजारी बसूनच मिळते.

आपल्या घरातही असं काही असेल. आईच्या हातचं, आजोबांच्या सवयीचं. ते आज विचारून घ्या आणि स्वतःच्या हाताने एकदा करून पाहा. शिकवणारं माणूस समोर आहे, तोवरच ते सोपं आहे.