कादंबरींतलें नगर आणि डोळ्यांपुढचें नगर

परदेशीं जाण्याचें ठरलें कीं सुशिक्षित मनुष्य दोन तऱ्हेची तयारी करतो. एक पेटीची आणि दुसरी मनाची. या दुसऱ्या तयारींत कादंबरीला पहिला मान मिळतो. लंडनला निघालेला गृहस्थ डिकन्स पुन्हा चाळतो, पॅरिसला निघालेला ह्यूगो उघडतो. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यानंतर इंग्रजी कादंबऱ्यांवर पोसलेल्या आपल्याकडील कित्येक पदवीधरांना तर लंडनचे रस्ते, ते पाहण्याचा योग कधींहि न येतां, नांवानिशीं ठाऊक होते. ही संवय इतकी सर्वमान्य आहे कीं ती योग्य कीं अयोग्य असा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पण तो विचारण्याजोगा आहे. शहर ही केवळ प्रेक्षणीय वस्तु नव्हे. तेथें माणसें राहतात, आणि माणसांकडे कोणत्या दृष्टीनें पाहावें हा नीतीचाच प्रश्न होय.

या संवयीवरील पहिला आक्षेप असा कीं, कादंबरी आपली पहिली नजर हिरावून घेते. दुसऱ्यानें चाखलेलें तेवढें आपल्या वांट्यास येतें. आक्षेप ऐकावयास गोड आहे, पण त्यांत फारसें तथ्य नाहीं. कोरें मन घेऊन कोणीहि कोणत्याहि शहरांत शिरत नाहीं. ज्यानें कादंबरी वाचली नाहीं त्याच्या मनांत प्रवासी कंपन्यांच्या जाहिराती, आप्तांनीं सांगितलेल्या गोष्टी आणि चित्रपटांतले देखावे ठाण मांडून बसलेले असतात. पूर्वग्रह असावा कीं नसावा हें आपल्या हातीं नाहीं. तो कोणाकडून घ्यावा एवढेंच आपल्या हातीं आहे. ज्यानें एका शहराचें सुखदुःख जन्मभर न्याहाळलें त्याच्याकडून घेतलेला पूर्वग्रह जाहिरातदाराकडून घेतलेल्या पूर्वग्रहाहून वाईट खास नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. कादंबरींतलें शहर प्रत्यक्षांत नसतेंच, असें त्याचें म्हणणें. डिकन्सचे वडील १८२४ सालीं कर्जापायीं मार्शल्सीच्या तुरुंगांत पडले, आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या काळ्या रोगणाच्या कारखान्यांत डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवीत दिवस काढावे लागले. त्या तुरुंगाची कथा सांगणारी ‘लिट्ल डॉरिट’ ही कादंबरी १८५५ सालीं क्रमशः निघूं लागली, तेव्हां तो तुरुंग बंद होऊन तेरा वर्षें लोटलीं होतीं. म्हणजे डिकन्सच्या समकालीन वाचकालाहि तें लंडन सांपडलें नसतें. शेरलॉक होम्सची पहिली कथा १८८७ सालीं प्रसिद्ध झाली, त्या वेळीं बेकर स्ट्रीटवरील घरांचे क्रमांक २२१ पर्यंत पोंचतहि नव्हते. आणि ती लिहितांना कॉनन डॉइल लंडनपासून दूर, साउथसी येथें डॉक्टरी करीत होता. तात्पर्य, नकाशा या नात्यानें कादंबरी कुचकामाची! पण ती नकाशा म्हणून कोणी लिहिलीच नव्हती. ज्यानें गाणें ऐकून रस्ता शोधावा त्यानें वाट चुकल्याचा दोष गवयाला देऊं नये.

खरा आक्षेप तिसराच आहे, आणि तो वाचकाच्या मनाशीं संबंध ठेवतो. ‘ब्लीक हाउस’च्या आरंभींचें धुकें ज्याच्या मनांत भरलें आहे तो लंडनला उतरतांच धुकें शोधतो, आणि स्वच्छ आकाश पाहून हिरमुसतो. त्यानें क्षणभर विचार करावा. तें धुकें म्हणजे निर्मळ जलबिंदूंचा पडदा नव्हता. लाखों चुलींचा आणि कारखान्यांचा कोळशाचा धूर त्यांत मिसळलेला होता. १९५२ च्या डिसेंबरांत असेंच धुकें लंडनवर पांच दिवस बसून राहिलें. त्यांत सुमारें चार हजार माणसें दगावलीं असा तेव्हांचा अंदाज होता. पुढील संशोधकांनीं हा आंकडा बारा हजारांच्या घरांत नेला. त्यानंतर १९५६ सालीं हवा शुद्ध राखण्याचा कायदा झाला. तेव्हां निरभ्र लंडन पाहून खट्टू होणारा वाचक, नकळत कां होईना, काय मागत असतो? आपल्या वाङ्मयीन आनंदाची किंमत इतरांच्या फुप्फुसांनीं भरावी, हेंच ना?

यावर कोणी म्हणेल, मग दोष डिकन्सचाच. तसें मात्र नाहीं. त्याच्या पुस्तकांतलें धुकें शोभेसाठीं आलेलें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या दावे कुजत ठेवणाऱ्या चॅन्सरी न्यायालयावरील तें आरोपपत्र आहे. वाचकानें आरोप विसरून धुकें तेवढें लक्षांत ठेवलें. आपल्याकडेहि हेंच घडतें. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून क्रमशः आली. ती वाचून पुण्यास येणारा एक वाचक जुन्या वाड्याचें कोरीव खांब आणि चौक पाहून ‘काय तो काळ!’ म्हणेल, दुसरा माजघराच्या अंधारापाशीं थबकेल आणि येथें किती यमूंचे केस उतरले असतील असें मनांत म्हणेल. पुस्तक दोघांनींहि वाचलें. पुण्यास बरोबर आणलें तें एकानेंच.

पुस्तक असें बरोबर आणलें म्हणजे काय होतें, याचें उदाहरण पॅरिसमध्यें आहे. ह्यूगोची नोत्र दामवरील कादंबरी १८३१ सालीं निघाली तेव्हां तें प्रार्थनामंदिर हेळसांडीनें मोडकळीस आलें होतें. कादंबरीनें लोकांचें लक्ष तिकडे वेधलें, आणि १८४४ च्या सुमारास जीर्णोद्धार हातीं घेण्यांत आला. १५ एप्रिल २०१९ रोजीं तें आगींत होरपळलें, तेव्हां पॅरिस कधींहि न पाहिलेल्या वाचकांना आपल्याच घरचें कांहीं जळाल्यासारखें वाटलें; डिसेंबर २०२४ मध्यें तें पुन्हा उघडलें. लोक ज्याच्याजवळून रोज न पाहतां जात होते, त्याकडे ह्यूगोनें त्यांना पाहावयास लावलें.

म्हणून माझें उत्तर असें आहे : अवश्य वाचावें, आणि आधींच वाचावें, पण कादंबरींतलें नगर कोठें आहे हें त्या नगरींत जाऊन विचारीत हिंडूं नये. मार्शल्सीची एक भिंत आज उभी आहे. तिला हात लावून परतणें सोपें आहे. आजच्या लंडनांत कर्जानें पिचलेलीं माणसें कोठें राहतात हें विचारणें अवघड आहे. पण डिकन्स आज त्या रस्त्यानें गेला असता तर त्यानें तेंच विचारलें असतें. पुस्तकामुळें समोरचीं माणसें अधिक दिसूं लागलीं तर वाचन सफल झालें. तीं पात्रांच्या आड दडलीं, तर घरीं बसून तेंच पुस्तक पुन्हा वाचलेलें बरें, निदान त्यांत कोणाचा अपमान तरी होत नाहीं.