खोटा सायरन आणि खरं सावधपण

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या वडोदऱ्याच्या परिवारात आता बरीच घरं अशी आहेत की मुलं अमेरिका-कॅनडात आणि इथे दोघंच, किंवा एकटंच कुणीतरी. मुलं दिवाळीत येतात आणि जाताना काळजीपोटी घराला चोर-अलार्म बसवून जातात. त्यात गैर काही नाही. पण गेले काही गुरुवार सत्संग संपला की चपला घालता घालता एकच विषय निघतो : "आमचा अलार्म उगीचच वाजतो हो." कुणी तो बंदच करून ठेवलाय, कुणाची झोप उडालीय. म्हणून या वेळचं निरूपण याच विषयावर करावं असं आम्हा सेवेकरी भगिनींचं ठरलं. विषय यंत्राचा वाटेल, पण तो तेवढाच नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी बुद्धीचे तीन प्रकार सांगितले आहेत. सात्त्विक बुद्धी कोणती? तर जी काय करावं आणि काय करू नये हे जाणते. आणि त्याच श्लोकात पुढे, भय कशाचं धरावं आणि कशाचं नाही हेही जाणते. राजस बुद्धीला हे नीट कळत नाही, तामस बुद्धीला सगळं उलटंच दिसतं. भगवंतांनी इथे नुसतं 'भिऊ नका' म्हटलेलं नाही, हे आपण पाठ म्हणताना विसरतो. सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची सुरुवात अभयाने होते हे खरं, पण अभय म्हणजे दार उघडं टाकून झोपणं नव्हे. समर्थांनी दासबोधाच्या अकराव्या दशकात पहिला मान हरिकथेला दिला, दुसरा राजकारणाला आणि तिसरा सावधपणाला, तोही सर्व बाबतींत. सावधपण आणि भीती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. यंत्राला त्यातला फरक कळत नाही. तो आपल्याला कळायला हवा.

आता हे यंत्र काय पाहतं ते समजून घेऊ. भिंतीच्या कोपऱ्यात जी पांढरी डबी बसवतात तिला मेकॅनिक 'पीआयआर' किंवा 'मोशन सेन्सर' म्हणतात. तिला चोर दिसत नाही, माणूसही दिसत नाही. समोरून ऊब सरकली, एवढंच तिला कळतं. मग ती चोराच्या अंगाची असो, मांजराची असो, नाहीतर खिडकीतून उतरलेल्या उन्हाची. गंमत म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, भिंती अंगाएवढ्या तापतात, तेव्हा उलटंही होऊ शकतं : खरा माणूस समोरून गेला तरी उबेत फरक कमी, म्हणून डबी गप्प. दाराचं यंत्र वेगळं. चौकटीला बारीक स्विच आणि दाराला लोहचुंबक. दोन्ही जवळ आहेत तोवर दार बंद. पावसाळ्यात लाकूड फुगतं, थंडीत आकसतं, दार सैल होऊन वाऱ्याने खडखडतं, चुंबक क्षणभर लांब जातं आणि सायरन सुरू. बाकी सगळ्यात जास्त वेळा सायरन कोण वाजवतं म्हणाल, तर घरातलीच माणसं. कोड विसरणं, चालू करून पुन्हा चष्मा घ्यायला आत येणं, रात्री पाणी प्यायला उठणं. चोराला एवढी संधी कुठे मिळते!

आपल्या परिवारातल्या एका काकूंचं त्यांच्या परवानगीनेच सांगतो. वय ७७, एकट्या राहतात. त्यांच्याकडे रात्री साडेदहा-अकराच्या सुमाराला सायरन वाजायला लागला. पहिल्या वेळी सोसायटीतले चौघं काठ्या घेऊन धावले. दुसऱ्या वेळी एकच जण आला. चौथ्या वेळी वॉचमनसुद्धा खुर्चीतून उठला नाही. शेजारचे भाई सकाळी हात जोडून म्हणाले, "माजी, हवे आ बंद करावी दो ने." यंत्र वाजतं ते नेमकं देवघराच्या बाजूचं, म्हणून कुणीतरी काकूंच्या डोक्यात घातलं की घराला बाधा आहे, शांत करून घ्या. काकूंनी संध्याकाळी घराबाहेर पडणं सोडलं. त्यांचे गुरुवार चुकायला लागले तेव्हा आम्हाला कळलं.

आम्ही दोघी गेलो, बरोबर एक साधक बंधू होते, आयुष्य वायरिंगच्या कामात गेलेले. त्यांनी डबीला हातच लावला नाही. आधी दाराजवळच्या मुख्य पेटीवर जुन्या नोंदी पाहिल्या. कुठला 'झोन' वाजला, किती वाजता, ते तिथे राहतं. प्रत्येक वेळी झोन तीनच, म्हणजे देवघराची खोली, आणि वेळ काकू अलार्म लावून झोपायला गेल्यानंतरची. मग दिवे मालवून आम्ही सगळे तिथे गप्प बसून राहिलो. काकूंकडे नंदादीप रात्रभर तेवतो. दिव्यावर चिलटं येतात. चिलटांसाठी पाल येते. आणि पालीचा रस्ता बरोबर त्या डबीवरून! पाल दूर भिंतीवर असली तर यंत्राला तिची दखलही नसते, पण त्याच्या डोळ्यावरूनच सरपटली की त्याच्या लेखी ती म्हशीएवढी. काकू आधी बघत राहिल्या, मग इतक्या हसल्या की ठसका लागला.

नंदादीप विझवायचा प्रश्नच नव्हता. डबी समोरच्या कोपऱ्यात हलवली, तारेचं भोक सिलिकॉनने बुजवलं, जाळी पुसली. इथेच थांबलो असतो तर सगळे खूश होतो. पण त्या बंधूंनी यंत्र 'टेस्ट'वर टाकलं आणि काकूंना प्रत्येक खोलीतून चालायला लावलं, एकेक दार उघडायला लावलं. पुढचं दार उघडलं, पेटी बोलली. मागचं उघडलं, काही नाही. पुन्हा उघडलं, तरी नाही. पेटी खोलली तर आत मागच्या दाराच्या दोन तारा एकमेकींना पिळून ठेवलेल्या. पावसाळ्यात ते दार फुगून सारखी तक्रार यायची, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या कुणीतरी हा सोपा इलाज केला होता. तारा जोडल्या की पेटीला कायम वाटतं, दार बंद आहे. म्हणजे पालीला चोर म्हणून ओरडणारं यंत्र कितीतरी महिने मागच्या दाराकडे डोळे मिटून बसलं होतं. काकूंचं हसू तिथे थांबलं.

तामस बुद्धीला सगळं उलटं दिसतं म्हणजे काय, ते आम्हाला त्या रात्री समजलं. आता यंत्र बाजूला ठेवून आपल्याकडे बघू. नातवाने व्हिडिओ कॉल उचलला नाही की आपला सायरन सुरू. डावा डोळा फडफडला, सुरू. आणि फोनवर गोड आवाजात कुणी 'बँकेतून बोलतोय' म्हणाला की ओटीपी देऊन मोकळे! तिथली तार पिळलेली. कुणाला टोचून बोललं की पूर्वी आत काहीतरी वाजायचं. त्या आवाजाचा त्रास व्हायला लागला, तेव्हा 'मी स्पष्टवक्ती आहे' म्हणून त्याच्याही तारा पिळल्या गेल्या. आतलं यंत्र वाजत नाही म्हणजे शांती मिळाली असं समजणाऱ्यांनी एकदा सगळी दारं उघडून बघावीत.

दोरीला साप समजण्याचं वेदान्तातलं उदाहरण आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकलंय. उपाय म्हणजे ना काठी ना पळापळ, दिवा आणणं. पण चार वेळा दोरीच निघाली की पाचव्या वेळी माणूस दिवा आणायचा कंटाळा करतो, हा धोका मोठा आहे. ज्या अमेरिकेतून मुलं आपल्याला हे घ्यायला सांगतात, तिथेच पोलिसांकडे येणाऱ्या अशा अलार्मांपैकी शंभरात नव्वदहून जास्त खोटे असतात. सॉल्ट लेक सिटीने २००० साली नियमच केला की आधी कुणीतरी जागेवर जाऊन खात्री करायची, मग पोलीस येतील. धावून येणारी माणसं हीच खरी राखण, आणि खोटा सायरन आधी त्यांनाच गमावतो.

म्हणून यंत्र वाजलं तर वैतागून त्याची पिन ओढू नका. एकदा नाम घ्या, तेवढ्याने हात थरथरायचे थांबतात, आणि पेटीवर कुठला झोन ते बघून वहीत वेळ लिहा. दार किंवा खिडकीचा झोन असेल आणि कारण दिसत नसेल तर एकट्याने बघायला जाऊ नका. शेजाऱ्यांना आणि ११२ ला फोन करा. वीज गेल्या-आल्यावरच वाजत असेल तर पेटीतली बॅटरी पाहून घ्यावी, ती साधारण तीन ते पाच वर्षं टिकते. मेकॅनिक आला की त्याने काय 'बायपास' केलं ते त्याच्याकडून लिहूनच घ्या, लाजू नका. काम सोडून गेलेल्या बाईला कोड माहीत असेल तर बदला. उत्तरायणात दिवसभर सगळे गच्चीवर, घर उघडं आणि यंत्र बंद. रात्री उंधियू खाऊन झोपताना ते चालू करायला कुणाला आठवतं? तेवढं एकाने अंगावर घ्यावं.

काकू आता दर गुरुवारी येतात. शेजारच्या भाईंना त्यांनी स्वतः जाऊन पालीची गोष्ट सांगितली, आणि आता वाजलं तर नक्की या, असंही सांगून आल्या.

एकट्या राहणाऱ्या ज्या साधकांकडे अलार्म आहे, त्यांनी येत्या गुरुवारी हजेरीच्या वहीत नावापुढे खूण करावी. रविवारी सकाळी दोन सेवेकरी आणि वायरिंगवाले बंधू घरी येऊन सगळी दारं तपासून देतील. चहाचा आग्रह करू नये, घरं बरीच आहेत. कुणाकडे भक्कम शिडी असेल तर कृपया कळवावं. आमच्याकडची एकुलती एक आहे आणि ती हलते.

जय सद्गुरु.