अवधाण आणि संशय

पायात मोडलेला काटा चिघळला की जांघेत गाठ येते. तिला आपण अवधाण म्हणतो. कोकणातली कुठलीही म्हातारी सांगेल की अवधाण हा मुळात रोग नव्हे. दुखणे पायात आहे, गाठ फक्त त्याची वर्दी देते. शरीरभर अशा शेकडो रसग्रंथी पहाऱ्यावर असतात. जंतू आले की त्या सुजतात. कर्करोगाच्या पेशी आत शिरून बसल्या तरीही सुजतात. आणि कधी पेशी आत असूनही सुजत नाहीत. पहारेकरी जागा झाला आहे की फितूर झाला आहे, हे त्याच्या अंगलटीवरून कसे ओळखायचे?

गुदाशयाच्या कर्करोगात या प्रश्नावर पुढचे बरेच काही ठरते. टाटा स्मारक केंद्राची संशोधन संस्था २००२ साली परळहून नवी मुंबईत खारघरला आली. तिथे आणि अशा प्रत्येक कर्करोग रुग्णालयात या रुग्णाचा ओटीपोटाचा एमआरआय काढतात. एमआरआयला पेशी दिसत नाही. शरीरातल्या पाण्या-चरबीतला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात जो प्रतिसाद देतो, त्याचे ते चित्र असते. त्या चित्रात काही मिलिमीटरच्या ग्रंथीवर निवाडा द्यायचा. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१६ मध्ये त्यासाठी नियम ठरवले: आडवी रुंदी ९ मि.मी. वा अधिक असेल तर ग्रंथी संशयित. ५ ते ९ असेल तर गोल आकार, वेडीवाकडी कड आणि आत मिसळलेल्या छटा यांपैकी दोन लक्षणे हवीत. ५ पेक्षा लहान असेल तर तिन्ही. नियम विचारपूर्वक केलेले आहेत. पण ते संशयाचे नियम आहेत, पुराव्याचे नव्हेत.

२०१२ साली अनेक अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. ज्यांच्या ग्रंथींत रोग होता, त्या शंभरांतल्या साधारण ७७ जणांत तो एमआरआयने ओळखला; ज्यांच्यात नव्हता, त्या शंभरांतल्या साधारण २९ जणांवर उगाच ठपका आला. हा यंत्राचा दोष म्हणता येत नाही. गाठ शस्त्रक्रियेच्या कडेपासून किती दूर आहे, हे तेच यंत्र फार चांगले सांगते. दोष असलाच तर आपल्या घाईचा. अहवालात ‘संशयास्पद’ लिहिलेले असते. खोलीतून व्हरांड्यात येईपर्यंत त्याचे ‘पसरलंय’ झालेले असते.

या एका शब्दाची किंमत मोठी आहे. ग्रंथी संशयित ठरली की बहुधा शस्त्रक्रियेआधी किरणोपचार येतात, आपल्याकडे ज्याला शेक म्हणतात ते. ओटीपोटावरच्या शेकाने तरुण बाईचे बीजकोश निकामी होऊ शकतात, पाळी कायमची जाऊ शकते. पुरुषाचे पौरुष, दोघांचाही शौचावरचा ताबा बिघडू शकतो. उलट, दोषी ग्रंथी निर्दोष ठरवली तर रोग ओटीपोटात परत येऊ शकतो, आणि ते मरण फार यातनांचे असते. म्हणजे संशय कोणत्याही बाजूने निकाली काढा, भोगणारा एकच. २०२३ मध्ये अमेरिकेतून एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. संशयित ग्रंथी असलेल्यांसह निवडक रुग्णांना आधी केमो देऊन, गाठ पुरेशी आकसली तर शेक टाळता येतो, असे त्यातून दिसले. वाट एकच नाही, एवढे तरी त्यावरून स्पष्ट झाले.

मग विचारायचे कोणाला? आपल्या घरांत अहवाल रुग्णाच्या हाती जातच नाही. तो मुलाकडे, नवऱ्याकडे, दिराकडे जातो. तीस वर्षांच्या सुनेला ‘गाठ आहे, शेक द्यायचाय’ एवढेच कळते. मूल हवे आहे का, हा प्रश्न तिच्यासमोर येण्याआधीच सासऱ्याने मान डोलावलेली असते. बँकेत आपण अनामत ठेवतो. तो मूळचा शब्द अमानत. दुसऱ्याची वस्तू विश्वासाने सांभाळायची आणि मालकाने मागितली की परत करायची. बाईच्या शरीराविषयीची माहिती ही तिचीच अमानत नव्हे काय?

यावर डॉक्टर म्हणतात, अशिक्षित माणसाला टक्केवारी सांगून काय होणार? निर्णय त्याच्या पदरात टाकणे म्हणजे आपणच हात झटकणे. त्यांचे निम्मे म्हणणे मला पटते. आकडे पुढे सारून गप्प बसणारा डॉक्टर प्रामाणिक असेल, पण तो सोबत करत नाही. म्हणून संशय सांगावा, आणि त्याच दमात ‘माझी बहीण असती तर मी हे केले असते’ हेही सांगावे. राहिला समजण्याचा प्रश्न. मृगाच्या भरवशावर पेरणी करणाऱ्याला, वाऱ्याचा रोख पाहून होडी लोटणाऱ्याला संशय म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही. खात्री नसताना पाऊल कसे टाकायचे, हे त्याला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. शेकानंतर शस्त्रक्रिया होते, काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली जातात. त्या स्वच्छ निघाल्या तर? त्यांत रोग नव्हताच, की होता आणि शेकाने जळाला? बहुतेक वेळा हे कधीच कळत नाही. संशय खरा होता की खोटा, याचा निकाल देणारा साक्षीदार उपचारानेच नाहीसा केलेला असतो. ‘बघा, आमचा निर्णय बरोबर होता’ असे म्हणायची सोयच तिथे नाही. विचारून घेतला होता की न विचारता, एवढेच नंतर पाहता येते.

बीजकोश शस्त्रक्रियेने किरणांच्या वाटेतून वर सरकवता येतात, बीजे गोठवून ठेवता येतात. दोन्हींत नेहमीच यश येते असे नाही, आणि खर्च आहेच. पण ते शेक सुरू होण्याआधी करावे लागते, आणि त्याही आधी तिला विचारावे लागते.