कलावंताच्या पश्चात त्याचे गाणे

आपले कोणते काम लोकांपुढे ठेवायचे आणि कोणते नाही, हे कलावंत हयातीत स्वतः ठरवतो. तो गेल्यावर हा अधिकार कोणाकडे जातो? वारसांकडे, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडे, की आपल्यासारख्या श्रोत्यांकडे? कायदा मालकीचा निवाडा करतो, औचित्याचा करीत नाही. आणि आपल्या हुबळी-धारवाडात, जिथे जुन्या घरांतून खाजगी बैठकींच्या ध्वनिफिती अजून पडून आहेत, तिथे खरा प्रश्न औचित्याचाच आहे.

या बाबतीत पश्चिमेकडचे एक उदाहरण पाहण्याजोगे आहे. जिमी हेन्ड्रिक्स हा अमेरिकन रॉक गिटारवादक १८ सप्टेंबर १९७० रोजी लंडनमध्ये वारला, तेव्हा तो अवघा सत्तावीस वर्षांचा होता. हयातीत, १९६७-६८ या दोन वर्षांत, त्याचे स्टुडिओत सिद्ध झालेले तीनच संग्रह निघाले. मनाजोगे उतरेपर्यंत तो एकच रचना पुनःपुन्हा मुद्रित करी. मागे उरल्या त्या अर्धवट फितींच्या राशी. १९७५ साली ‘क्रॅश लँडिंग’ या नावाने त्यांतल्या काही बाहेर आल्या. निर्माते अॅलन डग्लस यांनी हेन्ड्रिक्सची गिटार आणि गळा ठेवला, मूळ साथीदारांचे वादन बहुतांशी पुसले आणि त्या जागी भाडोत्री वादक बसवले. काही रचनांवर सहरचनाकार म्हणून स्वतःचे नावही घातले! याउलट बीबीसी रेडिओसाठी त्याने १९६७ साली जे वाजवले, ते पुढे १९८८ आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कोणाला ते खटकले असेल असे वाटत नाही. लोक ऐकणार आहेत हे जाणूनच त्याने ते वाजवले होते.

हाच न्याय आपल्याकडे लावू गेल्यास अडचण येते ती अशी, की ख्यालगायनात कच्चा खर्डा आणि पक्की प्रत असा भेदच नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांनी एखाद्या संध्याकाळी जो राग गायला, तो त्या संध्याकाळपुरता पूर्णच होता. तेव्हा ‘हे अपुरे आहे, बुवांनी बाहेर येऊ दिले नसते’ हा आक्षेप आपल्याकडे फारसा टिकत नाही. उलट, ७८ फेऱ्यांच्या तबकडीची जेमतेम तीन मिनिटांची बाजू हीच खरी अपुरी. आणि कंपनीने रीतसर, गायकाच्या संमतीने काढली ती तीच.

गंगूबाई हनगल यांचे उदाहरण तर संमतीच्याही पलीकडे नेते. १९३०च्या दशकात त्यांच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावाने निघाल्या. तो आवाज बारीक, उंच, कोवळा आहे. पुढे घशाच्या विकारानंतर त्यांचा स्वर खोल आणि भरदार झाला, आणि जगाने ज्यांना गंगूबाई म्हणून ओळखले त्या या दुसऱ्या आवाजाच्या. ‘गांधारी’च्या तबकड्या बनावट नाहीत, चोरीच्या नाहीत, तरी साल न सांगता कोणी त्या आज ऐकवल्या, तर ऐकणाऱ्याची दिशाभूल होईल. म्हणजे नुसती परवानगी पुरत नाही.

१९५० साली सुरू झालेल्या धारवाड आकाशवाणीवरील गाण्याचा मामला सोपा आहे. मन्सूर स्वतः या केंद्राचे संगीत सल्लागार होते. ध्वनिक्षेपकापुढे बसणाऱ्याला आपण गावभर ऐकू जाणार हे ठाऊक असते. खाजगी बैठकीत मात्र गायक समोरच्या तीस-चाळीस माणसांशी बोलत असतो. गाण्याच्या मध्ये एखादी थट्टा होते, दुसऱ्या घराण्यावर शेरा मारला जातो, कधी घरच्या अडचणीचे बोलणे निघते. माझ्या मते गाणे सर्वांचे व्हायला हरकत नाही. बोलणे मात्र त्या खोलीचे आहे, आणि ते गायकाच्या घरच्यांना विचारल्याखेरीज बाहेर जाऊ नये.

आणि एक गोष्ट मुळीच करू नये. हल्ली यंत्राने एखादा आवाज वेगळा काढता येतो, खरखर घालवता येते, तबला मागे सारता येतो. ‘शुद्ध’ गाणे ऐकण्याच्या या हौसेत ‘क्रॅश लँडिंग’चेच पाप आहे. गंगूबाईंच्या मागे त्यांच्या कन्या कृष्णा हनगल वर्षानुवर्षे गात आल्या. २००४ साली त्या आईच्या आधी गेल्या. त्यांचा स्वर गाळून उरेल ते गंगूबाईंचे गाणे कसे म्हणावे? मन्सूरांच्या मागे त्यांचे चिरंजीव राजशेखर गात, त्यांनाही हेच लागू आहे.

तारिहाळला आता कारखान्यांची वसाहत आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुले तिथे नोकरीला जातात आणि घरातल्या या फिती त्यांना अडगळ वाटतात. त्यांत त्यांचा दोष नाही, कारण खोक्यांवर बहुधा नुसते ‘मारवा’ नाहीतर ‘अण्णा, दिवाळी’ एवढेच लिहिलेले असते. साल नाही, तबलजीचे नाव नाही. पावसाळ्याच्या दमटपणाने फितींवर बुरशी चढते आहे, त्या संगणकावर उतरवून घ्यायच्या हे खरेच. पण ठेका ऐकून तबलजी ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे आधी जायला हवे, वही-पेन घेऊन.