हेतू शुद्ध असला म्हणजे पुरे काय?

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे काही दिवसांपूर्वी एका बंधूच्या घरी संध्याकाळची प्रार्थना आटोपून मंडळी अंगणात बसली असता एक वाद निघाला. एका तरुणाने लाहोरच्या प्रकरणाची हकीकत पुस्तकातून वाचून दाखविली व उपदेशकास सरळ विचारिले, "मास्तर, शिवराम हरी राजगुरू हे हुतात्मे की खुनी? खून करू नको ही आज्ञा त्यांस लागू आहे की नाही?" उपदेशकाने तोंड उघडण्यापूर्वीच अंगणात दोन पक्ष पडले. एक म्हणे, हेतू देशसेवेचा होता, मग पाप कसले? दुसरा म्हणे, आज्ञेत हेतूचे नावच नाही. हा प्रश्न आमच्या पुष्कळ मंडळ्यांत या ना त्या रूपाने निघतो, यास्तव त्याविषयी येथे थोडा विचार करितो.

हकीकत अशी. ३० ऑक्टोबर १९२८ रोजी सायमन कमिशन लाहोरास आले. त्याच्या निषेधार्थ निघालेल्या मिरवणुकीच्या अग्रभागी लाला लजपतराय होते. पोलीस सुपरिंटेंडेंट स्कॉट याच्या हुकुमाने लाठीमार झाला, लालाजींस मार बसला, आणि १७ नोव्हेंबरास ते वारले. बरोबर एक महिन्याने, १७ डिसेंबरास, भगतसिंग, राजगुरू व चंद्रशेखर आझाद पोलीस कचेरीबाहेर दबा धरून राहिले. मारावयाचे होते स्कॉटला. जयगोपाल नावाच्या साथीदाराने ओळखण्यात चूक केली, आणि मोटारसायकलीवर बाहेर पडला तो जॉन साँडर्स, असिस्टंट सुपरिंटेंडेंट, वय वर्षे एकवीस. पहिली गोळी राजगुरूंनी झाडली, पुढच्या भगतसिंगांनी. मग ते जवळच्या दयानंद कॉलेजाकडे पळू लागले, तेव्हा हेडकॉन्स्टेबल चननसिंग त्यांच्या पाठीस लागला. आझादांनी त्यास मागे फिरण्यास बजाविले असे सांगतात. तो फिरला नाही. आझादांनी गोळी झाडली व तोही मेला. राजगुरू पुणे जिल्ह्यातील खेडचे, त्या दिवशी वीस वर्षांचे. २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांजबरोबर त्यांस फाशी झाली.

त्यांचा हेतू काय होता? सरकारी वकिलाच्या मते कट व राजद्रोह. दुसऱ्या दिवशी लाहोरच्या भिंतींवर जी पत्रके दिसली, त्यांत लालाजींच्या मृत्यूचा सूड घेतल्याचे लिहिले होते, आणि एका मनुष्याचा जीव गेल्याबद्दल खेदही व्यक्त केला होता. मात्र मेला तो जुलमी सत्तेचा एक प्रतिनिधी होता, असे पुढे जोडले होते. हा खेद खोटा होता असे म्हणावयास आम्हांस काही कारण दिसत नाही. भाडोत्री मारेकरी असा कागद भिंतीस चिकटवीत नाही. या तरुणांस पैसा नको होता, जमीन नको होती, कोणाची बायको नको होती. उरियास लढाईच्या तोंडी देणाऱ्या दावीद राजाचा हेतू आपण जाणतोच. त्या मापाने मोजल्यास लाहोरच्या तरुणांचा हेतू किती तरी निर्मळ ठरेल. हे कबूल करण्यास ख्रिस्ती मनुष्याने कचरू नये.

पुढे असेंब्लीतील बाँबच्या खटल्याचे अपील १९३० च्या जानेवारीत लाहोर हायकोर्टापुढे चालले असता भगतसिंगांनी हेतूचाच मुद्दा मांडिला. हेतू वगळून नुसते कृत्य पाहावयाचे तर सेनापती खुनी ठरतील, सारा वसूल करणारे चोर ठरतील, आणि येशू ख्रिस्तही शांतताभंग करणारा ठरेल, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः देव न मानणाऱ्या या तरुणाने आमच्या प्रभूचे नाव न्यायासनापुढे साक्षीस काढिले, तेव्हा त्यास उत्तर देणे आम्हांस प्राप्त आहे.

पहिली गोष्ट, हेतू पाहावा हे शास्त्रासही मान्य आहे. अंगणातील दुसऱ्या पक्षाने गणना या पुस्तकाचा पस्तिसावा अध्याय उघडावयास हवा होता. वैराने, दबा धरून मारिले की अजाणता हातून घडले, हे मंडळीने तपासावे व अजाणता मारणाऱ्यास शरणपुरात राहू द्यावे, असा तेथे नियम आहे. तेव्हा हेतूचा विचारच नको हे म्हणणे टिकत नाही. पण त्याच अध्यायात दबा धरण्याचा उल्लेख कोणत्या बाजूस आहे हेही वाचावे लागते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड. हेतू हाच अखेरचा निवाडा मानिला, तर येशू ख्रिस्त सुटतो खरा, परंतु त्याच दाराने कयफाही सुटतो. सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका मनुष्याने मरावे हे बरे, असा सल्ला त्याने दिला, तो पैशासाठी नव्हे. रोमी लोक येऊन आपले स्थान व राष्ट्र हिरावून घेतील ही धास्ती त्या सभेस खरोखर होती. ज्याने प्रभूस वधस्तंभाकडे धाडिले त्याच्या तोंडी देशहिताचाच शब्द होता! आणि प्रभूचे निराळेपण केवळ हेतूत नाही. त्याने जे कार्य आरंभिले त्यात रक्त सांडले ते त्याचे स्वतःचे.

येथे कोणी उपदेशक रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय काढून म्हणेल की अधिकारी देवाने नेमिलेले आहेत, तेव्हा विषय संपला. हे फार सोपे झाले. स्कॉटच्या लाठीचाही हेतू विचारावा की नाही? त्यानेही शांतता राखण्याचेच कारण दिले असते. निःशस्त्र मिरवणुकीत त्रेसष्ट वर्षांच्या वृद्ध पुढाऱ्याच्या छातीवर ज्या लाठ्या बसल्या त्यांचा हिशेब न मागता केवळ पिस्तुलाचा मागणे हा न्याय नव्हे. गोरा साहेब व धर्मप्रसारक मिशन यांची गल्लत ज्या काळी लोक सहज करीत, त्या काळी असला उपदेश आमच्या साक्षीस बाधक झाला असणार.

परंतु त्या अंगणातील खरा प्रश्न या सगळ्यानंतर आला. बोलणे चालले असता एक वृद्ध बंधू भिंतीस टेकून गप्प बसले होते. त्यांचा धाकटा मुलगा दोन वर्षांपासून पोलिसात शिपाई आहे. ते म्हणाले, "तुम्ही मारणाराच्या मनात काय होते हे तासभर बोललात. त्या हवालदाराच्या मनात काय होते?"

चननसिंग का धावला? पगारासाठी म्हणावे, तर त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा साहेब पडला होता, समोर भरलेली पिस्तुले होती, आणि हवालदाराच्या पगारात एवढे मोल चुकते होत नाही. साहेबाच्या प्रेमाने, सवयीने, की कोणी तरी मेला आहे व मारणारा पळत आहे एवढेच पाहून? आझादांचा हेतू चननसिंगास मारण्याचा नव्हता. साँडर्सला मारण्याचाही कोणाचा हेतू नव्हता. हेतू एका मनुष्यावर धरिला होता, तो जिवंत राहिला. मेले ते दुसरे दोन. पिस्तूल सुटल्यावर हेतू गोळीबरोबर जात नाही, तो झाडणाऱ्याच्या छातीतच राहतो, आणि गोळी एकटी पुढे जाते.

गेथशेमाने बागेतही असा एक मनुष्य होता. मुख्य याजकाचा चाकर, हुकुमावरून आलेला. पेत्राचा हेतू उत्तम होता, गुरूवरील प्रीतीचा. त्याने तरवार उपसली व या चाकराचा कान तोडिला. धरावयास आलेल्या त्या गर्दीतील इतर चाकरांची नावे कोणी लिहिली नाहीत, पण योहानाने याचे नाव मल्ख असे लिहून ठेविले. आणि प्रभूने त्याचा कान बरा केला हे लूक सांगतो. पेत्राच्या हेतूची चर्चा तेथे एका वाक्यानेही नाही.

मोशेविषयी मात्र तशी चर्चा आहे, व ती तरुण वाचकांनी अवश्य पाहावी. इब्री भावास मारणाऱ्या मिसऱ्यास त्याने ठार केले, इकडे तिकडे पाहून वाळूत पुरिले. देव आपल्या हातून सुटका करीत आहे हे भावांस समजेल असे त्यास वाटले होते, असे स्तेफन प्रेषितांच्या कृत्यांत सांगतो. पण त्यांस ते समजले नाही. दुसऱ्याच दिवशी एका इब्र्याने त्यास विचारिले, तुला आमचा न्यायाधीश कोणी केले? मोशे पळाला. चाळीस वर्षांनी देवाने त्यासच सुटकेस पाठविले, तेव्हा हातात काठी होती, मेंढरे राखण्याची.

साखरखेर्ड्याच्या शिवारात १७२४ साली निजामुल्मुल्क व मुबारिजखान यांची लढाई झाली. मुबारिजखान पडला, आणि जिंकणाऱ्याने गावाचे नाव फत्तेखेर्डा ठेविले. लोकांच्या तोंडी साखरखेर्डा हेच राहिले. राजगुरूंचे खेड आता राजगुरुनगर झाले आहे, व त्यात आम्हांस वावगे वाटत नाही. राज्यकर्त्यांच्या दप्तरात जो खुनी, तो लोकांच्या दप्तरात हुतात्मा होतो, आणि कित्येकदा लोकांचेच दप्तर अधिक खरे असते. चननसिंगाचे नाव कोणत्या दप्तरात घालावे हे त्या रात्री अंगणात ठरले नाही. उपदेशकाने गणनाचा तो अध्याय पुन्हा मोठ्याने वाचावयास लाविला, आणि वाचन संपताच वाद पुन्हा सुरू झाला.