पाहुण्याची आंघोळ

मैत्रिणीनं मायोर्काचे फोटो पाठवले. निळंशार पाणी, पांढरी वाळू. ‘पैसे साठव, पुढच्या वर्षी जाऊ.’ मी लातूरची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तारकर्लीला, कॉलेज संपल्यावर. मोह झालाच. मग वाचत बसले आणि एका गोष्टीपाशी अडकले: १९९५ ते १९९७ या काळात या बेटाला स्पेनच्या किनाऱ्यावरून जहाजानं पाणी आणावं लागलं होतं.

आमच्याकडे रेल्वेनं आलं. १२ एप्रिल २०१६, मिरजेहून दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलेलं, टाक्यांभोवती जमावबंदी. त्या उन्हाळ्यात पाहुणा आला की आई चहा विचारायची आणि हळूच त्याच्या पिशवीकडे बघायची. मुक्कामाला आलाय का? मावशी आली ती पाण्याचा कॅन घेऊनच. आईला त्यात अपमान वाटला नाही, मावशीलाही उपकार वाटले नाहीत.

मैत्रीण म्हणते, आपण हॉटेलचं बिल भरतो ना! शिवाय त्यावरच तिथल्या लोकांचं पोट चालतं. खरं आहे. समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्पही तिथं आहेत, ते फुकट चालत नाहीत. तरीही २१ जुलै २०२४ला पाल्मा शहरात हजारो रहिवासी पर्यटकांच्या लोंढ्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. घरभाडी परवडत नाहीत, ही त्यांची मोठी तक्रार. म्हणजे गिऱ्हाइकानं पैसे चुकते केले, तरी त्याच्या येण्याचा भार यजमानावर उरतोच.

तिथलं साधं खाणं म्हणजे ‘पा आंब ओली’: पावावर टोमॅटो चोळायचा, वर ऑलिव्हचं तेल, मीठ. आपल्या भाकरी-तेल-चटणीचं भावंडच. पण मला आठवते ती येळवस. त्या दिवशी आमच्याकडे शेतात कुणीही आलं तरी भज्जी आणि आंबिल मिळते, ओळख लागत नाही. पैशाचा विषयच नाही. तरी पाहुणा ज्वारी तुडवत येत नाही, बांधावरनं येतो. हे त्याला कुणी सांगत नाही. पैसे दिले की आपण नेमका हा बांध विसरतो, असं मला वाटतं.

जाऊ नये, असं मी म्हणणार नाही. मला तो समुद्र पाहायचाय. मैत्रिणीला एवढंच म्हटलं, ऐन ऑगस्टच्या गर्दीत नको.

‘आणि आंघोळ दोन बादल्यांत?’ ती हसली.

तिथं बादली नसेल, शॉवर असेल. आता नोकरी नांदेडला, नळाला विष्णुपुरीचं पाणी येतं, सवय बिघडत चाललीय. शॉवरखाली दोन बादल्या कशा मोजायच्या, ते अजून जमलेलं नाही.